राखाडी रंगाखालचे नाव

जानेवारीतले ऊन आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत एकदम शिरत नाही. आधी ते बाहेरच्या लिंबाच्या शेंड्यावर बराच वेळ रेंगाळते, मग पत्र्याच्या पन्हळींवरून सावकाश उतरते, आणि गजांतून आत येते तेव्हा इतके आडवे झालेले असते की फरशीवरच्या खडूच्या तुकड्यालाही हातभर सावली मिळते. भिंतीचा चुना त्या उन्हात भाकरीसारखा पिवळसर दिसतो. बाकांवर मुलांनी कर्कटकाने कोरलेली नावे, एरवी कुणाच्या ध्यानातही न येणारी, एकेक करून वर येतात. दुपारचे ऊन सगळे सपाट करून टाकते. सकाळचे ऊन मात्र जरा कुठे उंचवटा असला की त्याच्या बाजूला सावली ठेवून जाते.

सव्वीस जानेवारीच्या त्या सकाळी ऊन टेबलावरच्या विमानापर्यंत पोचले आणि मी नजर वळवली. पांगाऱ्याच्या लाकडाचे, दीड हात लांबीचे ते लढाऊ विमान मीच घडवले होते. पंखांवरची तिरंगी वर्तुळे रेखीव होती, चालकाच्या काचेभोवतीची चौकट केसाइतकी नेमकी होती. पण डाव्या कुशीवर, राखाडी रंगाच्या खाली, म्हाताऱ्या हातावरच्या शिरेसारखे काहीतरी फुगून आले होते. ते एक नाव होते.

हे काम मला सूर्यभानने शिकवले. तो पेडगावच्या बौद्धवाड्यातला, याच खोलीत बसून शिकलेला. वायुदलाच्या कारखान्यात तो खऱ्या विमानांवर चिन्हे आणि आकडे रंगवतो. दिवाळीत सुटीवर आला तेव्हा माझे अर्धवट कोरलेले विमान पाहून हसला.

"सर, कुंचल्यानं गोल काढायलात व्हय? लुगड्याच्या काठावानी दिसंल ते. आदी झाकायचं, मग रंगवायचं, मग उघडायचं. आन् उघडायला उशीर करायचा न्हाई."

त्यांच्या कारखान्यात चिकटपट्टीचे रोल असतात. पेडगावात ते कुठून मिळणार? म्हणून आम्ही ट्रेसिंगचा कागद घेतला आणि बाभळीचा डिंक पातळ कालवून त्याला लावला. दाढीच्या पात्याने वर्तुळे कापली. कडा नखाने दाबून बसवल्या आणि डास मारायच्या फ्लिटच्या पंपात रंग भरून फवारला. कागद उचलल्यावर खालून जी स्वच्छ कडा निघाली ती पाहताना मला लहानपणी सापाची कात सापडली होती तेव्हासारखे वाटले. सूर्यभान म्हणाला, खऱ्या विमानाच्या कुशीवर ते सांभाळणाऱ्याचे नाव असते. तो परत गेल्यावर मी ठरवले की या विमानावर त्याचे नाव असेल, आणि ते शाळेच्या सभागृहात टांगले जाईल. त्याच्या आईला, कडूबाईला, मी तसा शब्दही दिला.

"म्हंजी माझ्या पोराचं नाव शाळंत लटकनार," ती म्हणाली. "ह्याच शाळंत त्याला गुर्जी उलटा लटकवू म्हनायचे."

आधी मी त्या जागी पांढरा रंग दिला. त्यावर कागदात कापलेली अक्षरे चिकटवली. देवनागरीचे एक बरे असते, शिरोरेषेला धरून अक्षरे एकमेकांना लटकून राहतात. फक्त 'भ'पाशी ती तुटते, म्हणून नावाचे दोन तुकडे झाले. वरून राखाडी रंग फवारला. आता कागद उचलायचा आणि खालून पांढरे नाव उजेडात आणायचे, एवढेच उरले होते.

नेमके तेव्हाच संस्थेचे अध्यक्ष दत्तराव आत आले. त्यांच्या हातात भज्यांचा पुडा होता. कागदातून तेल फुटून मनगटापर्यंत ओघळले होते. तोंडातला घास न गिळताच ते बोलू लागले.

"काय सर, उडतंय का नुसतंच बसतंय?" त्यांनी पंख चिमटीत धरला. पंखावर तेलाचे बोट उमटले. "हे कोनाचं नाव झाकून ठेवलंय?"

"सूर्यभान."

"तो पायलट हाय का?"

"नाही. विमानांवर चिन्हे रंगवतो."

"मंग रंगारीच की!" ते मनापासून हसले. भज्याचा एक कण उडून माझ्या बाहीवर बसला. "रंगाऱ्याचं नाव विमानावर? उद्या गवंड्याचं नाव मारुतीच्या देवळावर घाला!" मग त्यांनी आवाज उतरवला. तो उतरलेला आवाज हसण्याहून ओंगळ होता. "हे बघा, संक्रांतीलाच विद्यापीठाचं नामांतर झालंय. लोक लय तापलेत. मला काय न्हाई, मी सगळ्यायला धरून चालतो. पर ह्या टायमाला तसलं नाव भिताडावर नको. गावाचं टाका. पेडगाव. मोठ्ठं."

मी बाहीवरचा कण झटकला.

"झाकलेलंच हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या झाकलेलं. वरून अजून एक हात मारा, चमकलं पायजे."

माझी मान हलली. तिला कुणी हलवायला सांगितले होते कोण जाणे. ते बोटे टेबलाच्या कडेला पुसून निघून गेले. खोलीत थिनर, शिळे तेल आणि आंबलेला डिंक यांचा मिळून एक वास राहिला. पुढे कितीतरी दिवस भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की तो वास बोटांतून येई आणि घास परत ताटात पडे. दत्तरावांची किळस येत होती, ती सोसण्यासारखी होती. पण रात्री अंथरुणावर पडलो की ती हलणारी मान आठवे, आणि स्वतःच्याच अंगावरून पाल गेल्यासारखे होई.

मी दुसरा हात मारला. रंग चमकला. उजव्या कुशीवर मोठ्या अक्षरांत 'पेडगाव' आले. डावीकडच्या कागदाबद्दल मी मनाशी एक सुंदर प्रसंग रचला होता. झेंडावंदन झाल्यावर सगळ्या गावादेखत मी पुढे होईन, कागद उचलीन, आणि नाव उघडे होईल. त्या प्रसंगात मी फार धीट होतो.

सव्वीस जानेवारीला सकाळी कडूबाई मुलांच्याही आधी आली. धुतलेले निळे लुगडे, डोक्यावर घट्ट पदर. दाराशीच थांबून तिने विमानाकडे पाहिले.

"नाव कुठं हाय, गुर्जी?"

"आत आहे. रंगाखाली. नंतर सगळ्यांसमोर उघडणार आहे."

"आत हाय ते दिसायलंय की. म्या आंधळी हाय का?" ती जवळ आली. आडव्या उन्हात तिने तर्जनी त्या उंचवट्यावरून फिरवली. "ह्यो सू. लेकाच्या नावाएवढीच अक्षरं येतात मला, त्यानंच शिकवली." बोट 'भ'पाशी थबकले. "हितं तुटलं व्हय?"

"तिथे तसेच असते."

"बरं. सगळ्यायच्या म्होरं नको. दत्तरावाचं त्वांड मला ठाऊक हाय. माझ्या एकटीच्या म्होरं उघडा. बास."

मी पाते घेतले. 'सू'च्या कडेला टोक घातले आणि हलकेच उचलले. कागद आला नाही. रंगाचा खपला आला. पुन्हा घातले, तर डिंक काचेसारखा तडकला. कागद बोटभर फाटला आणि त्याच्याबरोबर पांढरा रंगही निघून खालचे लाकूड उघडे पडले. मी नख लावले. 'र्य' गेले. 'भा'चा काना गेला. विमानाच्या कुशीवर खरूज झाल्यासारखा एक पट्टा उरला, आणि माझ्या नखांत राखाडी चिकट भुसा. बाहेर मैदानावर दत्तराव लाउडस्पीकर तपासत होते, "हालो, हालो."

कडूबाईने माझा हात धरून बाजूला केला. तिने तो याआधी कधीच धरला नव्हता.

"राहू द्या, गुर्जी. अजून खरवडू नका." तिने पदराच्या टोकाने टेबलावर सांडलेल्या खपल्या गोळा केल्या. "त्याला सांगते, ऊन लय डोळ्यावर व्हतं, नीट वाचाया आलं न्हाई."

ती मैदानाकडे गेली. मी विमान फिरवले आणि उजवी कूस दाराकडे केली.

रंग ओला असतानाच कागद उचलावा लागतो. वाळल्यावर तो निघत नाही. दुसरा हात मारताना हे मला माहीत होते.