मासुझोंना ऐकू येणारी खडखड

मी टेन्शनर बोलतोय. नावाला घाबरू नका. टेन्शन देणं हाच माझा धंदा आहे, पण ते माणसांना नाही, चेनला. मोटरसायकलच्या इंजिनात एक टायमिंग चेन फिरत असते. तिच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. ती सैल पडली तर चाकाचे दात चुकवते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुरा होतो. फार आवळली तर झिजते, तुटते. तिला बेतानं दाबून धरायचं, एवढंच माझं आयुष्य.

दिसायला मी साधा बोल्ट. वर मला जागच्या जागी घट्ट धरणारा एक चेकनट. मला डोकं आहे, पण ते पान्ह्यासाठी.

जपानमधल्या हामामात्सु शहरात ओकुमुरांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी खोक्यात पडून होतो. एके दिवशी मासुझो नागुरा आत आले. सत्तरी ओलांडलेली, कान मंद, खिशात कायम एक जेवणाची काडी. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत त्यांची अडीचशे सीसीची म्हातारी गाडी उतरायची. इंजिन ते बांधायचे आणि चालवायच्या त्यांच्या बायको, तोमिए. तोमिएंनी जन्मभर शहराची बस चालवली होती. निवृत्तीच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर हळू चालवलं. आता पुरे."

"खडखड आहे," मासुझोंनी दुकानात जाहीर केलं.

"अजून? नवी चेन नेलीत की तुम्ही!" ओकुमुरा म्हणाले.

"तीही खडखडते. तिच्या आधीची, जुन्या स्टॉकमधली, तीही खडखडायची."

"मग चेन नाही, तुमचं नशीब खडखडतंय, नागुरासान. टेन्शनर बदलून बघा. हा स्प्रिंगवाला घ्या, आपोआप ताणतो."

"तो नको. स्वतःच्या मनानं पुढं सरकतो आणि इंजिन किंचाळायला लागलं की थरथरतो."

"मग हा घ्या," म्हणून ओकुमुरांनी मला उचललं. "याला मन नाही. ठेवाल तिथं राहील."

मला लागलं ते. पण निवड झाली म्हटल्यावर अपमान गिळला. माझ्याबरोबर एक नवीकोरी चेनही घेतली गेली. तेलात न्हालेली, जरा लाजरी.

मासुझोंची ऐकायची रीत अजब होती. खिशातल्या काडीचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे.

"कान गेले तरी हाडं ऐकतात," ते म्हणायचे. "हे बघ, कट्-कट्-कट्! ऐकलंस?"

"नाही," तोमिए म्हणायच्या.

"तुझे कान बिघडलेत."

"माझे कान ठणठणीत आहेत. शेजारीण फोनवर माझ्याबद्दल काय बोलते, तेही मला ऐकू येतं."

मासुझोंनी मांजराच्या गळ्यातली घंटी काढली. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. तोमिएंना जरा अंगणात जाऊन श्वास घ्यायला सांगितलं. तरी खडखड होतीच. मग पाना माझ्या डोक्याला लागायचा आणि मी थोडा आणखी आत जायचो.

"अरे, दुखतंय," चेन म्हणाली.

"मी काय करू? मला फिरवणारा बाहेर बसलाय."

"मग त्याला सांग ना."

कसं सांगणार? मी जागचा हलत नाही, हाच माझा गुण आणि त्यासाठीच तर मला आणलेलं. चेन आधी कण्हायची, मग बारीक शिट्टी वाजवायला लागली. शर्यतीच्या दिवशी ती काहीच बोलेना. तेव्हा मला खरी भीती वाटली. भर वेगात ती तुटली असती तर मागचं चाक जाम झालं असतं आणि तोमिए रस्त्यावर कुठल्या कुठं फेकल्या गेल्या असत्या.

"गाडी ओढत नाहीये," सुरुवातीच्या रेषेवर तोमिए म्हणाल्या. "कोणीतरी मागून शेपूट धरल्यासारखं वाटतंय."

मासुझोंनी तिथंच गुडघे टेकले, काडी लावली, डोळे मिटले.

"आहे! अजून आहे! अर्धा फेरा आवळतो."

पाना माझ्या डोक्यावर बसला. तेवढ्यात तोमिएंनी त्यांचं मनगट पकडलं.

"थांबा. सकाळी जेवताना खडखड होती का?"

"इंजिन बंद असताना कशी असेल?"

"होती. मी ऐकली. तुम्ही मुळ्याचं लोणचं चावत होतात."

मासुझोंचा हात गालाकडे गेला.

"अहो, कवळी काढा."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"माझा जीव त्या चेनवर आहे. काढा म्हणते ना!"

आजूबाजूचे म्हातारे स्पर्धक हेल्मेटच्या काचा वर करून बघू लागले. मासुझोंनी पाठ फिरवली, कवळी काढली आणि नुसत्या हिरड्यांत काडी धरली. बराच वेळ ते हलले नाहीत. मग त्यांचा चेहरा उतरला.

"खलखल नाहीये," ते म्हणाले. "शित्ती आहे. फाल आवललंय मी. छैल कलतो."

"काय करता?"

"छैल! छैल!"

चेकनट सुटला आणि मी मागं सरकलो. चेननं असा श्वास घेतला की तो मला माझ्या आट्यांपर्यंत जाणवला. पंच झेंडा घेऊन उभा, मासुझोंच्या एका हातात पाना, दुसऱ्यात कवळी. तोमिएंनी कवळी हिसकावली, जॅकेटच्या खिशात टाकून खिशाची चेन ओढली आणि झेंडा पडला.

ती शर्यत तोमिए नवऱ्याचे दात खिशात घेऊन धावल्या. शेवटच्या वळणावर त्यांनी एका दंतवैद्याला मागं टाकलं. नंबर मागून तिसरा आला. मासुझो बोळकं उघडं टाकून असे ओरडत होते, की लोकांना वाटलं आम्ही जिंकलो.

थंडीत इंजिन उघडलं. चेन मापली तर लांबलेली. माझ्याच दाबानं. मासुझो तिला ओंजळीत धरून बसले.

"टाकून द्यायला हवी," ते म्हणाले.

"कचऱ्यात नाही," तोमिए म्हणाल्या.

आमच्याकडे फेब्रुवारीत बायका बोथट झालेल्या, मोडलेल्या सुया देवळात नेतात आणि मऊ तोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, खोचतात. जन्मभर जाड कापडात घुसल्या, आता जरा मऊ जागी निजू देत म्हणून. तोमिए त्या रांगेत चेन घेऊन उभ्या राहिल्या. मासुझोंनी मलाही मुठीत धरून आणलं होतं.

"ही सुई नाही," पुजारी म्हणाले.

"माहीत आहे. पण हिनं सुईपेक्षा जास्त सोसलंय."

पुजाऱ्यांनी चेनकडे पाहिलं, तोफूकडे पाहिलं.

"मग मोठा तुकडा लागेल," ते म्हणाले आणि आत गेले.

चेन एकेका कडीनं हळूहळू त्या पांढऱ्या मऊपणात उतरली. तिला आता कुणी ओढत नव्हतं, कुणी दाबत नव्हतं. मासुझोंनी कमरेत वाकून नमस्कार केला. मुठीतला मीही त्यांच्याबरोबर वाकलो. बोल्टला तेवढंच जमतं.

आता मी पुन्हा इंजिनात आहे. नवी चेन आलीय, तिला मी जपून धरतो. वाचकहो, एकच मागणं आहे. माझे आटे झिजतील तेव्हा मलाही त्या देवळात न्या. मी जड आहे, थेट तळाला जाईन, त्याला हरकत नाही. फक्त तोफू निवडताना बोटानं दाबून बघा आणि सगळ्यात मऊ असेल तो घ्या.