कांचीपुरमच्या मॉनिटरची व्यथा

मित्रांनो, कांचीपुरमच्या एका घरात, देवघराला लागून असलेल्या टेबलावर मी आहे. मी एक जुना मॉनिटर.

दंडपाणी अप्पा रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी काढत. लॅपटॉपचा पडदा त्यांना अपुरा पडू लागला, तेव्हा कयलविळी, त्यांची लेक, मला घेऊन आली. तेच चित्र दोन्हीकडे न दाखवता तिने लॅपटॉपचा पडदा माझ्यापर्यंत वाढवला. तिकडे रंगांच्या डब्या, इकडे अख्खा काठ.

पहिल्याच दिवशी माऊसचा बाण लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेशी अडला. अप्पा म्हणाले, "पुढं जाईना गं हा! रुसला की काय?"

"मॉनिटर डावीकडं ठेवलाय अप्पा, आणि लॅपटॉप समजतोय उजवीकडं. थांबा, सांगते त्याला."

"सांग बाई. तुझ्या आईला माझी बाजू अजून कळलेली नाही."

"ऐकतेय हं मी!" आतून वल्लीअम्मा म्हणाल्या.

कयलविळीने पडद्यांच्या जागा बदलल्या आणि बाण अलगद माझ्या अंगणात आला. अप्पा लहान मुलासारखे हसले. नातीचं लग्न ठरलं होतं. तिच्या साडीचा मोरांचा काठ त्यांना स्वतः काढायचा होता. ते माझ्याकडेच बघून काम करत.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसली. वल्लीअम्मांनी मलाही चंदन-कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं चंदन त्यांनी समईसारखं विभूतीने, म्हणजे देवाच्या राखेने, घासून काढलं, आणि मग रोज तसंच पुसत राहिल्या. किती मायेने! लॅपटॉप मिटलेला असे, तो वाचला. माझ्यावर मात्र बारीक चरे उठले, धुकं दाटलं.

"वल्ली, डोळे गेले गं माझे," अप्पा एका सकाळी म्हणाले. "मोराचा गळा दिसेना."

"दिवा मोठा करू का?"

"दिव्यानं काय होणार? आणि पोरीला कळवू नकोस. धावत येईल."

मी ओरडून सांगू पाहत होतो, अप्पा, डोळे तुमचे नाहीत, माझे गेलेत! पण मला वाचा कुठली? काठ मोराच्या गळ्याशीच थांबला. नात तयार नक्षीची साडी नेसून बोहल्यावर चढली. अप्पा एका बाजूला बसून होते. पोंगलच्या आधीच ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर कयलविळीने तो अर्धा काठ उघडला. लॅपटॉपवर मोर लख्ख होता. माझ्यावर सरकवला तर धूसर. तिने माझ्यावरून बोट फिरवलं, तर चरे बोटाला लागले.

"बिघडला का गं?" वल्लीअम्मांनी विचारलं. "मी तर रोज विभूतीनं पुसायची."

लेक म्हणाली, "नाही अम्मा. वय झालं त्याचं."

मित्रांनो, मला मऊ, कोरड्या कापडाने हलकेच पुसा, एवढं मागणं आहेच. पण घरातलं कुणी "मला दिसेनासं झालं" म्हणालं, तर त्याच्या शेजारी घटकाभर बसा. ते जिथे बघतात, तिथे तुम्हीही एकदा बघा.