दोन नळ्यांतलं आभाळ

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? "रिकामी आहे, घ्या" असं हसून सांगणाऱ्यावर, की त्याच्या हसण्याकडे न बघता आधी उघडून बघणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मला ते नीट कळायला निम्मं आयुष्य लागलं, आणि एका बाईचा घोटा.

मी दुनळी बंदूक बोलतेय. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यातल्या एका घरात, कुलूपबंद कपाटात उभी आहे. तेलाचा वास, लाकडाचा अंधार आणि कौलांवर पावसाचं एकसुरी बोलणं. अशात डोळा लागतो आणि जुनं सगळं धुक्यातून चालत येतं. माझं बोलणं जरा दुकानदारी वाटलं तर रागावू नका. उमेदीची सात वर्षं मी म्हैसूरला एका दुकानाच्या भिंतीवर काढली आहेत.

जन्म माझा बिहारातल्या मुंगेरचा, गंगेच्या काठचा. लोकांना वाटतं बंदुकीची पहिली आठवण म्हणजे बार. माझी तशी नाही. ज्या कारागिरानं माझ्या नळ्या घासून गुळगुळीत केल्या, तो दर थोड्या वेळानं मला उचलून उजेडाकडे धरायचा आणि एक डोळा मिटून आत बघायचा. माझ्या आत दोन गोल, स्वच्छ आभाळं उमटायची. शेजारी शेजारी, जुळ्या चंद्रांसारखी. तीच माझी पहिली आठवण.

म्हैसूरचे आमचे हबीबुल्ला शेठ शाळेची पायरी चढले नव्हते. काडतुसांच्या डब्यांवरची अक्षरं जुळवून वाचायला शिकले. पण माणूस असा वाचायचे की बस्स. गिऱ्हाईक आलं की मला भिंतीवरून काढायचे, हातात द्यायचे आणि गोड हसून म्हणायचे, "घ्या, रिकामी आहे." मग चष्मा पुसत बसायचे. लक्ष सगळं गिऱ्हाइकाच्या बोटांकडे.

एकदा एक बडे गृहस्थ आले. परवाना होता, बोटात अंगठ्या होत्या. मला घेतलं ते थेट खांद्याला लावलं, आरशात स्वतःला न्याहाळलं आणि हसत हसत नळी दारातल्या चहावाल्याकडे वळवली. शेठनी अलगद मला काढून घेतलं.

"साहेब, माफ करा. ही विकली गेलीय."

"मग भिंतीवर कशाला टांगलीय?"

"गिऱ्हाईक अजून यायचंय."

ते गिऱ्हाईक दोन वर्षांनी आलं. बिद्दप्पा. कोडवा माणूस, काळा कुप्या, म्हणजे त्यांचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, अंगात, कमरेला तांबडा शेला, बहिणीच्या लग्नाची खरेदी आटोपून आलेला. शेठनी नेहमीचं वाक्य म्हटलं. बिद्दप्पानं मला घेतलं, तोंड जमिनीकडे केलं, कंबरेत वाकवून उघडलं आणि दाराकडे वळून दोन्ही नळ्यांतून बाहेर बघितलं.

"काय हो, माझ्या शब्दावर भरवसा नाही वाटतं?" शेठ म्हणाले.

"तुमच्यावर आहे, शेठ. पण शब्दातून आरपार दिसत नाही. नळीतून दिसतं."

शेठनी चहा सांगितला. मी भिंतीवरून उतरले ती कायमची.

कोडवा लोकांना बंदुकीसाठी परवाना लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सूट आहे, तसा कागद घरोघरी असतो. बिद्दप्पाचा धाकटा भाऊ मोण्णप्पा हा कागद चारचौघांत फार मिरवायचा. "बाकीच्यांनी रांगेत उभं राहावं. आपला हक्क आहे!"

बिद्दप्पा हसून म्हणायचा, "सरकारनं कागद माफ केलाय रे. डोळे उघडे ठेवणं माफ केलेलं नाही."

त्यांच्यात मुलगा जन्मला की हवेत एक बार काढतात, म्हणजे डोंगरापलीकडे कळतं. बिद्दप्पाला मुलगी झाली, चोंदम्मा, तेव्हा त्यानं मला अंगणात नेलं आणि आभाळाकडे बार काढला. मोण्णप्पाची बायको तंगम्मा धावत आली. ही बाई म्हणजे फोडणीतली मोहरी, गप्प बसणं ठाऊक नाही.

"भावोजी, मुलगा झाला?"

"मुलगी."

"मग बार कसला?"

"मुलगी झाल्याचा. आवाज कमी आला का?"

"आवाज पुरेसा आला. आमची कोंबडी अंडं टाकून पळाली, ते भरून द्या!"

चोंदम्मा चौदाची झाल्यावर बिद्दप्पानं तिला माझ्याशी ओळख करून दिली. पहिलं वर्षभर काडतूस दाखवलंसुद्धा नाही. बोट चापाबाहेर, तोंड माणसाकडे नाही, आणि हातात घेतलं की आधी उघडायचं. तो विचारायचा, "आभाळ बघितलंस?"

"हो, अप्पा."

"कुठल्या रंगाचं?"

इथे ती पहिल्यांदा फसली. बघितलंच नव्हतं, नुसतं हो म्हटलं होतं. मग रोज रंग सांगावा लागायचा. राखाडी. धुरकट. एका कडेला निळं. मी तर त्या रंगांची वाट बघायची. आख्खा डोंगर धुक्यात बुडालेला असला तरी माझ्या पोटात आभाळाचे दोन तुकडे असायचे, आणि त्यांच्या टोकाला एका पोरीचा विस्फारलेला डोळा.

काडतुसांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात एक वही. किती बाहेर काढली, किती फुटली, किती परत आली. न फुटलेलं फुसकं काडतूससुद्धा बिद्दप्पा वेगळं लिहायचा. तंगम्मा चिडवायची, "भावोजी, इतका हिशेब तर मी साखरेचा ठेवत नाही." तो म्हणायचा, "साखर कुणाच्या घोट्यात शिरत नाही." तेव्हा सगळे हसले होते. मीसुद्धा.

मग एका कक्कड महिन्यात बिद्दप्पा गेला. भातलावणीचे दिवस, डोंगरात पाऊस असा की दिवस कुठे संपतो ते कळत नाही. घरात मृत्यू झाला की दोन बार काढायची रीत आहे, लागोपाठ दोन. ऐकणारे हातातलं काम टाकून निघतात. चोंदम्मा, आता तीस वर्षांची, बापाच्या उशाशी बसली होती. मोण्णप्पानं डब्यातून दोन काडतुसं घेतली, वहीत मांडली, मला भरलं आणि पावसात उभा राहिला. उजवी नळी वाजली. डावीचा नुसता टिचकीएवढा आवाज आला. काडतूस ओलसर होतं.

दुसरा बार तर व्हायलाच हवा. शेजाऱ्यानं आपली बंदूक पुढे केली, मोण्णप्पानं तिच्यातून तो काढला. डोळ्यांतलं पाणी पुसत त्यानं माझी फुटलेली पुंगळी तेवढी काढली, डब्यात टाकून वहीत मांडली, मला मिटवलं आणि पूजेच्या खोलीत पूर्वजांच्या दिव्यापुढे ठेवून दिलं.

मृत्यूचे बार सोडले तर लावणी संपेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही त्यांची चाल. तिथून मला थेट कैलपोदला उचलायचं, म्हणजे हत्यारांच्या पूजेच्या सणाला. दिव्यापुढे ठेवलेली वस्तू कुणी तपासत नाही. तपासणं म्हणजे पूर्वजांवर संशय घेणं.

चाळीस दिवस मी तिथे निजले. दिव्याच्या उबेनं माझं लाकूड सुकलं, लोखंड सुकलं, आणि डाव्या नळीतलं ते काडतूसही हळूहळू सुकलं. ओठांवर अडकलेल्या शब्दासारखं ते माझ्या आत होतं. स्वप्नात मी पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरली जायची. पण चंद्र एकच उगवायचा. दुसऱ्या जागी काळोख.

कैलपोदचा दिवस उजाडला. चोंदम्मानं माझ्या नळीत कळलावीचं फूल खोवलं. इथे त्याला बंदुकीचंच फूल म्हणतात. पूजा झाली. सगळे पडवीत जमले, अंगणापलीकडे झाडाला नेमबाजीचा नारळ बांधलेला. मोण्णप्पा आता घरातला वडील. त्यानं मला उचलून चोंदम्माच्या हातात दिलं. तिनं फूल काढलं, तोंड खाली केलं आणि मला उघडायला गेली.

"हे काय?" मोण्णप्पाचा आवाज चढला. "पूजेतली बंदूक उघडतेस? दिव्यावर भरवसा नाही तुझा?"

"काका, अप्पा नेहमी..."

"अप्पा गेले. पाहुण्यांसमोर शोभा नको. रिकामी आहे, मीच ठेवलीय."

पाहुणे बघत होते. चोंदम्माचे हात थांबले. एवढंच झालं, हात थांबले. मी मनात ओरडत होते, उघड, अगं, रंग सांग! पण आमची जात एकच शब्द बोलते, आणि तो नेमका चुकीच्या वेळी.

"नाही ना पटत? हे बघ!" म्हणत मोण्णप्पानं मला ओढून घेतलं, तोंड फरशीकडे केलं आणि चाप ओढला. उजवा. टिचकी. "बघ!" मग डावा.

छर्रे दगडी फरशीवर आपटून उसळले. तंगम्मा कडंबुट्टूचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. ती घोटा धरून खाली बसली. तांदळाचे गोळे पडवीभर घरंगळत गेले.

दवाखान्याच्या ओसरीत सगळे बोलू लागले, आणि सगळ्यांचं एकच. बंदूक आपोआप सुटली. जुनी आहे, खिळखिळी झालीय. पाहुणे मान डोलवत होते. मला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते. मुंगेरच्या त्या कारागिराचे हात आठवले.

चोंदम्मा घरी जाऊन डबा घेऊन आली. वही उघडून काकापुढे धरली. "दोन काढलीत, काका. पुंगळी एकच परत आली. चाळीस दिवस हा हिशेब इथे होता. आपण कुणी उघडून बघितला नाही."

"हळू बोल," मोण्णप्पा म्हणाला. "पोलीस जबाब घ्यायला येतायत. खरं सांगितलं तर माझा कागद जाईल. आपल्या सगळ्यांचं नाव जाईल. यांना बंदुका कशाला म्हणून बाहेरचे टपलेलेच आहेत."

"आणि बंदूक आपोआप सुटते असं आपणच लिहून दिलं, तर बाहेरच्यांचंच खरं ठरेल ना? आपोआप सुटणारी वस्तू कोण घरात ठेवू देईल?" मग ती हळू म्हणाली, "मी माझंही सांगणार आहे. मला ठाऊक होतं, तरी लोकलाजेनं थांबले."

आतून तंगम्माचा आवाज आला. पायाला पट्ट्या, पण जीभ शाबूत. "अहो, बंदूक आपोआप सुटते तर उद्यापासून भातही आपोआप शिजू दे! मी पडून राहते. जा, सांगा जाऊन. लंगड्या बायकोबरोबर राहीन म्हणा, खोट्या नवऱ्याबरोबर मला जमायचं नाही."

मोण्णप्पा उठला आणि स्वतःच्या पायांनी ठाण्यात गेला. जबाबात त्यानं लिहून दिलं : बंदूक सुटली नाही, मी सोडली.

त्याचा कागद गेला. घराचं नाव काही गेलं नाही. मी तीन वर्षं ठाण्याच्या खोलीत गळ्यात चिठ्ठी बांधून पडून होते. तिथली स्वप्नं बिनरंगाची. खटला निकालात निघाला आणि चोंदम्मा आपला कागद घेऊन मला न्यायला आली. कारकून म्हणाला, "घ्या बाई, रिकामी आहे." तिनं मला उघडलं, खिडकीकडे धरलं आणि पुटपुटली, "पांढरं. एक पाखरू गेलं."

आता त्या घरात कैलपोदला मला दिव्यापुढे उघडीच ठेवतात, कंबरेत वाकलेली, जणू मीच नमस्कार करतेय. पूर्वजांनी अजून तरी राग मानलेला नाही. मोण्णप्पा नेमबाजीला उभा राहत नाही. पण मला उचलून पडवीत न्यायचं काम त्याचं. म्हातारा मला आभाळाकडे धरतो, डोळा लावतो.

"काय हो, दिसलं का?" तंगम्मा काठी टेकत विचारते.

"दिसलं."

"कुठल्या रंगाचं?"

"राखाडी. कडेला निळं." आणि मग मला उघडीच चोंदम्माच्या हाती देतो.

माझं आता वय झालं. पुढं कुणाच्या खांद्यावर जाईन, की या अंधारातच गंजेन, ठाऊक नाही. तुमच्याही घरी कुठे ना कुठे एखादा डबा असेल, एखादी वही असेल. हक्क ज्याच्या हाती, हिशेबही त्याच्याच हाती. तेवढा खरा ठेवा. फुटलेलं काडतूस तर डोंगरभर ऐकू जातं, त्याची नोंद गाव ठेवतं. जे फुटलं नाही, तेवढं तुम्ही लिहून ठेवा.