बैठ्या मापाचा तंबू

पाण्याची पाइपलाइन बदलायची आहे, शनिवार-रविवार दुकानं बंद ठेवा, असा कागद शटरांवर चिकटला आणि गल्लीतले सगळे दुकानदार करवादले. एकट्या सीटवाल्याच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणारा हा माणूस. गल्ली त्याला सीटवाला म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं. रविवारीसुद्धा दुकान उघडायची त्याला खोड होती, म्हणजे सुट्टी त्याने घ्यायची नसते, कुणीतरी त्याच्या गळ्यात मारावी लागते. आता ती आयती पदरात पडली होती आणि दुपारपर्यंत त्याचा सगळा बेत ठरलाही होता.

"तळ्यावर जायचं!" संध्याकाळी चपला काढता काढताच त्याने जाहीर केलं. "गावाबाहेरच्या टेकडीमागचं तळं. बस पार काठापर्यंत जाते. शनिवारी निघायचं, तिथेच मुक्काम, रविवारी परत. हॉटेल नको, भाडं नको. तंबू मी शिवतो!"

"तंबू? तुम्ही?" बायकोने चहाचं पातेलं खाली ठेवलं. ती दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटना नंबर द्यायची, त्यामुळे घरातही सगळ्यांनी एकेक करून बोलावं असा तिचा आग्रह असे. "अहो, सीट शिवणं वेगळं आणि तंबू वेगळा."

"कापड ते कापडच! गाडी झाकायच्या कव्हरचं कापड पडलंय दुकानात. चंदेरी. पाण्याचा थेंब आत येणार नाही."

धाकट्याने एव्हाना सोफ्यावरून उडी मारली होती. हा मुलगा एका जागी म्हणून ठरत नसे, त्याला घरात भिंगरीच म्हणत. "बाबा, शेकोटी? पोहायचं? मित्राला आणू? टॉर्च माझ्याकडे!"

"पुढचा!" आई म्हणाली. पुढची म्हणजे मोठी. ती आपल्या खोलीच्या दारात, खांदा चौकटीला टेकून उभी होती, हातात फोन. सीटवाल्याने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "काय गं, येशील ना?"

मोठीने फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बघू," ती म्हणाली आणि दार लागलं.

आता, ह्या घरात 'बघू'चा अर्थ एकच होता आणि तो खुद्द सीटवाल्यानेच लावून ठेवला होता. सायकल घ्यायची? बघू. समुद्रावर जायचं? बघू. वर्गातली सगळी मुलं सहलीला चाललीत, मी जाऊ? बघू. तोंडावर नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नसे, म्हणून हा मऊ गादीवर बसवलेला नकार. पोरं इतकी तयार झाली होती की 'बघू' ऐकलं की पुढचं बोलायची नाहीत, सरळ दुसरा विषय काढायची. आज तोच शब्द त्याच्याच पुढ्यात येऊन पडला, आणि तो चांगलाच लागला.

एरवी त्याने मनावर घेतलं नसतं. पण मोठीला लांबच्या शहरात कॉलेज मिळालं होतं आणि काही दिवसांत ती हॉस्टेलला जाणार होती. नंतर ती येईल, पण पाहुणी म्हणून येईल, हे त्याला कळत होतं. चौघांनी मिळून कुठे गेलो होतो, असं आठवायला घेतलं तर त्याला लग्नं आणि दवाखाने सोडून काही आठवेना. एकदा, फक्त एकदा, चौघांनी उगाचच कुठेतरी जायचं होतं. तिने ओढून-ताणून नव्हे, आपल्या मनाने यायला हवं होतं.

"मी परत विचारू का तिला?" त्याने बायकोला विचारलं.

"अजिबात नाही. हात धुवून मागे लागलात तर जी येणार असेल तीही यायची नाही."

मग तो गप्प बसला. पण गप्प बसणं त्याच्या तोंडाला जमलं तरी हातांना जमत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने टेप आणि स्टूल घरी आणलं.

"टेकून बस," त्याने भिंगरीला फर्मावलं. पाठीची उंची घेतली, बैठक घेतली, मांडीपासून गुडघ्यापर्यंत घेतलं. मग बायकोला बसवलं. "डोकं छताला घासलं तर काय मजा? आणि पाय अवघडले तर? गिऱ्हाईक म्हणतं, अमक्याच्या सीटवर बसलो की उठावंसं वाटत नाही. तुम्हालाही तसंच वाटलं पाहिजे."

"आम्ही गिऱ्हाईक नाही," बायको म्हणाली. पण ताठ बसून राहिली. तिलाही गंमत वाटत होती, हे तिच्या गालावर दिसत होतं.

टेप गळ्यात घालून सीटवाला मोठीच्या दाराशी गेला. आत ती कुणाशीतरी फोनवर हळू आवाजात बोलत होती. 'प्लीज' एवढंच ऐकू आलं. सदानकदा हिचा फोन, तो मनात चरफडला. त्याने दारावर वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. चौघांचा तंबू शिवायचा आणि तिघांनी जायचं, तर ती मोकळी जागा आपल्याला दोन दिवस खायला उठेल, असं त्याला वाटलं. त्यापेक्षा तिघांचाच बरा. हे ठरवताना त्याला फार वाईट वाटलं, पण ठरवलं.

त्यानंतर मात्र त्याच्या अंगात आलं. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सरली. शेजारच्या नळवाल्याकडून प्लॅस्टिकचे पाइप आणले. पाइपांना वाक कसा द्यायचा यावर दोघांचं भांडण झालं, समेट झाला, परत भांडण झालं. चंदेरी कापडाला लाल पायपिंग लावलं, कारण पायपिंगशिवाय शिवलेली वस्तू त्याला नागडी वाटायची. भिंगरी शाळेतून थेट दुकानात येऊन दोऱ्याची रिळं पळवू लागला. बायको दवाखान्यातून येताना उकडायला अंडी, पाव, केळी घेऊन येऊ लागली, इतकी की घरात केळ्यांचा वास सुटला. सगळ्या घराला शनिवारची घाई झाली होती, आणि त्या घाईत ते बंद दार तेवढं मधेमधे टोचत होतं.

शुक्रवारी दुपारी तंबू दुकानासमोर उभा राहिला. खरंच उभा राहिला! ऊन पडून असा चकाकला की टेम्पोवाल्याने ब्रेक मारला. नळवाला, बॅटरीवाला, चष्म्याच्या दुकानातली मुलगी, सगळे गोळा झाले. सीटवाल्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

"चला, बसा आत!"

बायको बसली. भिंगरी बसला. मधोमध तो स्वतः बसला. काय सांगावं, असं माप बसलं होतं! डोक्यावर टोपीपुरती जागा, पाठीला कापडाचा हलका टेका, गुडघे ऐसपैस. बाहेरून टाळ्या पडल्या.

"आता झोपून बघतो," भिंगरी म्हणाला आणि आडवा झाला.

गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय दारातून बाहेर, थेट चष्मेवालीच्या चपलांपाशी आले.

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग आईने आडवं होऊन पाहिलं. तिचेही पाय बाहेर. मग स्वतः सीटवाल्याने पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयुष्यभर ज्याने फक्त बसलेल्या माणसांची मापं घेतली, त्याने झोपायचा तंबू बैठ्या मापाने शिवला होता.

"सीटवाले, स्टिअरिंग कुठे बसवणार?" बॅटरीवाला ओरडला.

"बेल्ट लावा रे आतल्यांनी!" नळवाल्याने भर घातली. गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली. सीटवाल्याचा चेहरा आधी पडला, मग त्यालाच हसू आवरेना. आडवा पडल्या पडल्या त्याचं पोट हलू लागलं आणि त्याबरोबर तंबूही.

तेवढ्यात बाहेर आणखी एक हसू ऐकू आलं. ते त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मोठी आली होती. सायकल भिंतीला टेकवून, पोट धरून, डोळे पुसत ती हसत होती. "बाबा, अहो बाबा, काय केलंत हे!" ती वाकून आत डोकावली. आई, भाऊ, बाप, तिघं ओळीने पडलेली. आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

"तीनच?"

आईने सीटवाल्याकडे बघितलं.

"मी कुठे?"

सीटवाला उठून बसला. "तू 'बघू' म्हणाली होतीस ना."

"मग? बघू म्हणजे बघू! मी बघतच होते." तिचा आवाज चिरकला. "हॉस्टेलवाल्यांनी शनिवारीच हजर व्हायला सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सगळा बेतच रद्द केला असता. म्हणून मी रोज तिथल्या मॅडमना फोन करत होते. आत्ता, आत्ता तासाभरापूर्वी त्या हो म्हणाल्या. सोमवारी आलीस तरी चालेल म्हणाल्या. मी सायकल मारत तेच सांगायला आले." तिने पालथ्या हाताने नाक पुसलं. "आणि तुम्ही माझं माप पण नाही घेतलं."

ज्या फोनसाठी सीटवाल्याने मनातल्या मनात तिला नावं ठेवली होती, तो फोन ती ह्याच दोन दिवसांसाठी करत होती. त्याला आनंदही झाला आणि लाजही वाटली. घरातला एक शब्द त्याने इतकी वर्षं असा वापरला होता की पोरीने खरा वापरला तरी त्याला ओळखू आला नाही.

"चुकलं," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

"चुकलंय तर उसवू या," आई तंबूतून बाहेर येत म्हणाली. "पुढची! ये इकडे, हे धर."

तंबू दुकानात आला, मशीनसमोर उलटा पसरला. लांबीसाठी नळवाल्याने आपल्या दुकानावरची निळी ताडपत्री काढून दिली. ती पायाकडे जोडायची ठरली. रुंदीला मात्र कापड उरलं नव्हतं. "डाव्या अंगाची शिवण उसव," सीटवाला मोठीला म्हणाला आणि उगाचच कात्री शोधायला लागला. "बघ काही माया निघते का."

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. गाडीच्या कव्हरला ती बोटभर ठेवतात. मोठीने टाके उसवायला घेतले, एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरी उलगडली. चंदेरी कापड मशीनवरून तिच्या मांडीवर आलं, मांडीवरून जमिनीवर उतरलं. चांगला एका माणसाचा पन्हा आत दुमडून, वर चापून-चोपून शिवलेला होता.

"बाबा!" ती म्हणाली. "एवढी माया कुणी ठेवतं का?"

"कात्री लावायचं जिवावर आलं," सीटवाला म्हणाला. तो मान वर करेना. कापड कापून टाकलं की ती येणार नाही हे नक्की होईल, असं काहीतरी वेड्यासारखं त्याला त्या वेळी वाटलं होतं. ते त्याने सांगितलं नाही. मोठी मांडीवरच्या कापडावरून हात फिरवत राहिली.

मग ती उठली. कापड कातरायच्या लांब टेबलावरचे तुकडे तिने बाजूला सारले आणि पाठीवर सरळ झोपली, हात अंगालगत, पाय जुळवून. "घ्या माप. नीट घ्या, झोपलेलं."

त्याने टेपचं एक टोक तिच्या टाचेशी धरलं. भिंगरीने दुसरं टोक डोक्याशी धरलं आणि तेवढ्यात ताईला गुदगुल्या केल्या म्हणून फटका खाल्ला. पोर केवढी उंच झाली होती. टेप आवळून धरताना सीटवाल्याच्या ते पहिल्यांदाच नीट लक्षात आलं.

"झालं?" तिने छताकडे बघत विचारलं.

"झालं."

"आणि ऐका. मी मधे झोपणार. तुमच्या नि आईच्या मधे. कडेला गार लागतं."

"पण मधे मी!" भिंगरी ओरडला आणि दोघांची जुंपली. सीटवाल्याने मशीनच्या सुईत लाल दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. शेवटी मोठीनेच टेबलावरून उतरून तो ओवून दिला.