सगुणाबाईचा बंब

बंब सगुणाबाईचा होता. विंचूरहून तिच्या आईनं लग्नात दिलेला, चांगला तांब्याचा. मळ्यातल्या कुत्र्यालाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तिच्या पोटच्या योगेशला.

दिंडोरीच्या द्राक्षबागेत योगेशनं पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, समोर उघड्यावर विटांचा हौद बांधला आणि आईला न विचारता बंब उचलून दोन पाइपांनी हौदाला जोडला. हौदातलं पाणी बंबात जायचं, तापून परत यायचं. जाळायला छाटणीच्या काड्या. मुंबईचे पाहुणे गळ्यापर्यंत बुडून बसायचे आणि सगुणाबाई ओट्यावरून बघत दातओठ खायची.

दिवाळीत तिनं एवढंच मागितलं, "पहिल्या अंघोळीला माझ्या बंबातलं पाणी दे. एक बादली."

"पाहुण्यांचं झालं की घ्या," सून स्नेहल म्हणाली.

"त्यांच्या अंगधुणानं मी न्हाऊ?"

"मग गिझर हाय की."

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाहुणे तेल-उटण्यासकट हौदात उतरले. पाण्यावर ही तवंगाची साय! पुढचे पाहुणे नाकं मुरडायला लागले, तशी स्नेहल तरातरा आली आणि पाणी बदलायला तोटी सोडून दिली. सगळ्यांत खालची तोटी होती बंबाचीच, आणि बंबात जाळ धडधडत होता. रिकाम्या बंबाला जाळ सोसत नाही, जोड सुटतात. पण गिझरवर वाढलेल्या बाईला त्याचं काय!

सगुणाबाई उठली. "अगं, आधी जाळ काढ..."

"आई, पाहुण्यांसमोर मधे बोलू नका!"

ती बसली. बसली ती बसलीच. जीव तुटत होता, पण राग त्याहून मोठा होता. जळू दे मेला, माझा नाय तर कुणाचाच नाय!

हौद आटला. बंबाचं तांबं काळंनिळं पडलं, तोटी निखळली आणि बूड सुटून निखारे भसकन खाली आले. पाहुणे ओरडत पळाले. योगेश धावत आला.

"आई, इथंच बसली व्हतीस ना? दिसलं नाय तुला?"

"दिसलं की. बोलू नको म्हणाली तुझी बायको."

"अगं, सोताची वस्तू जळताना बघत बसलीस?"

"आज बरं आठवलं रे, वस्तू कुणाची ते!"

असं फाडकन बोलून ती न्हाणीत गेली, गार पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली, आणि मग पोटभर रडली.