पाहुण्यांसाठी राखलेले मास्क

मी एक जुना मास्क आहे, मित्रांनो. हसू नका! जुना कोट असतो, चहाचा जुना समोवार असतो. मास्क कधी जुना असतो का? एक ड्यूटी करायची आणि कचऱ्यात उडी मारायची, एवढंच माझं आयुष्य. तेही मला नीट जगू दिलं नाही.

दूरदेशी, नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका क्षयाच्या इस्पितळात मी आलो. सायकाल नावाच्या नर्सनं मला तोंडावर चढवलं. काय घट्ट बसलो होतो! खोकणाऱ्यांच्या वॉर्डात दिवसभर पहारा दिला. संध्याकाळी वाटलं, सुटलो. तर बाईनं मला कागदी पिशवीत घातलं, वर आपलं नाव लिहिलं आणि उद्यासाठी खिळ्याला टांगलं.

नवे मास्क नव्हते असं नाही हं! कपाट भरून खोकी होती. किल्ली मोठ्या नर्सबाईंच्या, तोक्तोबुबू एजेंच्या गळ्यात. एजे म्हणजे मोठी ताई.

"एजे, एक नवा द्या ना. याचं इलॅस्टिक लोंबतंय," सायकाल म्हणायची.

"मग गाठ मार! नवे पाहुण्यांसाठी आहेत. घरी पाहुण्यांच्या गाद्यांवर तूच लोळतेस का गं?"

झालं! तिकडे पाहुण्यांपुढे कुणाचं काही चालत नाही. सायकालनं गाठ मारली. वर एजेंनी मला आर्चा नावाच्या डोंगरी झाडाच्या फांद्यांच्या धुरावर धरलं. बाळाचा पाळणा त्याच धुरानं शुद्ध होतो, मग मास्क का नाही? मी गुदमरलो, आणि सगळ्या म्हणतात, "बघ, कसा नव्यासारखा झाला!"

डोंबलाचा नव्यासारखा! नाकापाशी ही एवढी फट पडली होती. सायकाल मात्र माझ्या भरवशावर रोग्यांच्या तोंडाशी वाकायची. मला फितूर केलं हो या लोकांनी! आणि ओरडून सांगायला मला तोंड कुठलं?

मग ती खोकायला लागली.

राजधानीतून डॉक्टर जिल्दिझ पाहणीला आल्या. टेबलावर बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, साय, आणि शेजारी ताटात कोरे मास्क! चहा ओतताना सायकाल खोकली. डॉक्टरीणबाईंनी मला खिळ्यावरून काढून उजेडात धरलं.

"हा मास्क आहे की कुणाचा मोजा?"

"धुरावर शुद्ध केलाय, डॉक्टर," एजे म्हणाल्या. "नवे तुमच्यासाठी ठेवलेत."

"मी पाहुणी ना? पाहुण्याचा शब्द मोडत नाहीत ना तुमच्यात? मग उघडा ते कपाट. रोज नवा घ्यायचा, ड्यूटी संपली की फेकायचा. आणि हिच्या छातीचा फोटो काढा, आत्ता."

फोटोत डाग निघाला.

ज्या वॉर्डात ती सुया टोचायची, तिथंच आता तिची खाट आहे. तिची लेक खिडकीबाहेरून हात हलवते. एजे रोज नवा मास्क लावून तिला गोळ्या देतात आणि जाताना तो डब्यात टाकतात. पहिल्यांदा टाकताना त्या सायकालकडे वळल्या. "माझ्याच हातानं गं…" एवढंच म्हणाल्या.

मला मात्र अजून कुणी टाकलेलं नाही! सायकालनं मला प्लास्टिकमध्ये बंद करून खाटेशी टांगलंय. एखादी नर्स वापरलेला मास्क खिशात कोंबताना दिसली, की ती माझ्याकडे बोट दाखवते. "यालाही फार जपलं होतं हं आम्ही."

मित्रांनो, बाकीच्या वस्तू विनवतात, आम्हाला जपा. मी हात जोडतो, मला जपू नका. माझं काम झालं की फेका, आणि ज्या नाकावर मी बसतो त्या माणसाला जपा.

गोळ्या संपल्या की सायकाल घरी जाणार आहे. जाताना मला डब्यात टाकीन म्हणते.

या वेळी तरी खरंच टाक गं बाई.