बर्फाखाली ऐकलेला पुस्तकांचा कार्यक्रम

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. माझ्या लाकडी खोक्याची एक कड फुटलेली आहे आणि पडसे झाल्यासारखा माझा आवाज बसका येतो. मी असा का झालो, ते सांगताना अजूनही माझ्या आतल्या तारा थरथरतात.

ओस्लोतल्या एका कारखान्यात बायकांनी मला जोडले. तिथून बोटीने मी उत्तरेकडे ग्रोविक गावात आलो. पुढे खाडी, मागे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरे. डोंगराच्या अगदी पायथ्याशी आउदचे पुस्तकांचे दुकान होते. तिने मला लोखंडी शेगडीजवळच्या फळीवर ठेवले. तिथे ऊबही होती आणि कॉफीचा वासही येई.

दर गुरुवारी दुपारी गावच्या रेडिओ केंद्रावर तोर्गेरचा कार्यक्रम असे. तोर्गेर आउदच्या वर्गातला. तो दुकानात फोन लावी आणि दोघे मिळून लोकांना पुस्तके सुचवीत. त्याला प्रवासवर्णने, प्रेमकथा आणि माशांच्या पाककृती आवडत. तिला कविता, इतिहास आणि रहस्यकथा. एकमत कधी होत नसे.

"तू सुचवलेल्या कविता मोठ्यानं वाचल्या," तो म्हणे. "आमचं मांजर उठून गेलं."

"त्याला कळल्या असतील. तुझं काय?" ती विचारी.

फोनवर बोलताना ती माझा आवाज अगदी बारीक करी, नाहीतर माझ्यातून शिट्टी वाजे. पण गावभर घराघरांत हे भांडण ऐकले जाई, आणि दुसऱ्या दिवशी लोक दुकानात येऊन म्हणत, "ते मांजरवालं पुस्तक द्या." मला फार अभिमान वाटे.

ती ईस्टरच्या आधीची गोष्ट. ईस्टरच्या सुटीत डोंगरातल्या केबिनमध्ये बसून रहस्यकथा वाचायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. आउदही जाणार होती, म्हणून तिने माझ्यात नवे सेल घालून ठेवले होते. त्या आठवड्यात बर्फ थांबतच नव्हता. मधूनच वरून कण्हल्यासारखा आवाज येई. आउद खिडकीतून डोंगराकडे बघे आणि पुन्हा पुस्तके लावू लागे.

गुरुवारी दुपारी आयलिफकाका दुकानात आले. जन्मभर कॉड मासा पकडलेला म्हातारा. पुस्तकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"बहिणीकडे जायचंय ईस्टरला," ते म्हणाले. "ती दिवसभर वाचत बसते. मी काय भिंतीकडे बघू? काहीतरी दे, पोरी. लहान अक्षर नको."

आउदने त्यांच्या हातात एक रहस्यकथा ठेवली. बर्फात अडकलेले हॉटेल आणि तिथे झालेला खून. तेवढ्यात फोन वाजला आणि कार्यक्रम सुरू झाला. तीच रहस्यकथा ती तोर्गेरला सुचवू लागली. तो म्हणाला, "वाचलीय मी. खुनी कोण ते..."

"सांगायचं नाही," ती म्हणाली.

आणि डोंगरावरचा बर्फ सुटला.

आधी वारा आला. खिडकी आत फुटली, दिवे गेले, भिंत चालू लागली. मी फळीवरून पडलो, गरगरलो आणि कशावर तरी आपटलो. मग सगळे थांबले. इतका काळोख मी कारखान्यातल्या खोक्यातही पाहिला नव्हता.

आम्ही मेलो नाही, कारण पुस्तकांची दोन मोठी कपाटे एकमेकांवर कलली होती आणि त्यांच्या खाली खोलगट जागा उरली होती. आउदचा पाय लाकडाखाली अडकला होता. आयलिफकाका तिच्या शेजारी धापा टाकत होते. मी सेलवर चालू होतो, पण माझ्यातून नुसती खरखर येत होती. काकांनी चाचपडत मला शोधले आणि कुशीत घेतले. त्यांचे हृदय माझ्या पाठीवर धडधडत होते.

मग तोर्गेरचा आवाज आला. तो ओळखू येत नव्हता.

"आउद, फोन तुटला. दुकानावर बर्फाचा कडा कोसळलाय. लोक खणायला निघालेत. तू ऐकतेस की नाही, मला ठाऊक नाही. मी बोलत राहतो. एवढ्या थंडीत झोप आली की संपलं. तेव्हा झोपायचं नाही. मी पुस्तकं सुचवतो, तू मनात भांड."

आणि तो सुचवू लागला. सुक्या कॉडच्या पाककृती. वाळवंट पायी ओलांडणाऱ्या बाईचे प्रवासवर्णन. दोन दीपगृहांमधली प्रेमकथा. त्याचा आवाज मधेच चिरके, तो पाण्याचा घोट घेई आणि पुढे बोले.

"वाळवंटाचं पुस्तक भिकार आहे," आउद अंधारात पुटपुटली.

"मला बरं वाटतंय," काका म्हणाले. "निदान ऊन तरी आहे त्यात."

पण हळूहळू तिची उत्तरे आखूड झाली. काका तिला हलवत. "आउद, ऐक. तो कवितांवर आलाय." ती नुसती हुंकार देई. माझीही शक्ती उतरत होती. मित्रांनो, मी थांबलो तर तिला जागे ठेवणारा आवाज थांबेल, ही भीती मी शब्दांत कशी सांगू? आणि मला माझे बटण स्वतः फिरवता येत नव्हते.

तोर्गेर म्हणाला, "आउद, तू झोपलीस तर मी खुनी कोण ते सांगून टाकीन. सगळ्या गावाला."

"नालायक आहे," ती म्हणाली. "सांगेल हा." आणि पुन्हा पेंगू लागली.

मग त्याने गावाला सांगितले, "दुकान जागेवर नाही. बर्फानं कुठं ढकललंय ते कळत नाही. सगळ्यांनी आपले रेडिओ बंद करा. घरातले, गाड्यांतले, बोटींवरचे. खणणारे गप्प उभे राहतील. यानंतर जिथून माझा आवाज येईल, तिथे आउद आहे. आउद, रेडिओ मोठा कर."

काकांचा हात माझ्या बटणावर आला आणि थांबला.

"मोठा केला तर सेल लगेच संपतील," ते म्हणाले. "बारीक ठेवला तर वर कोणाला ऐकू जाणार नाही. काय करू, पोरी?"

आउदचा श्वास मंद झाला होता. शेगडीचे धूर जाण्याचे नळकांडे मोडून आमच्या डोक्यावर आले होते. त्यातून गार हवेची बारीक धार येत होती. काकांनी बटण शेवटपर्यंत फिरवले आणि मला त्या नळकांड्याच्या तोंडाशी धरले. त्यांची बोटे लाकडासारखी ताठ झाली होती.

तोर्गेर ओरडत होता, "खून स्वयंपाकिणीनं केला. ऐकलंस, आउद? स्वयंपाकिणीनं. सूपमधून विष..."

तिथे माझे सेल संपले. शांतता पसरली. मला वाटले, आता सगळेच संपले.

तेव्हा अंधारात काहीतरी हलले. आउद कोपरावर उठली होती. "सांगितलंच त्यानं," ती म्हणाली. संतापाने तिला धाप लागली होती. तिने नळकांडे धरले आणि त्यात तोंड घालून ओरडली, "तोर्गेर, गाढवा, पुस्तकाचा शेवट कोणी सांगतं का?"

आम्ही थांबलो. खूप वेळ काही नाही. मग वरून, फार लांबून, कुत्रा भुंकला.

नळकांड्यातून आलेल्या आवाजाच्या रोखाने खणून आम्हाला बाहेर काढले, तेव्हा आभाळ अजून निळसर होते. आउद पुढे कायम लंगडत चालली. काकांची तीन बोटे डॉक्टरांना कापावी लागली. शेजारच्या घरातले बेकरीवाले नवराबायको मात्र जिवंत सापडले नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरातही माझ्यासारखाच एक रेडिओ होता.

नवे दुकान धक्क्याजवळ झाले. काही वर्षे लोक मला बघायला येत, कौतुकाने माझ्या फुटक्या कडेवरून हात फिरवीत. मग सगळे विसरले. आता मी मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांमध्ये असतो. मार्चमध्ये बर्फ साचू लागला की मला अजून भीती वाटते, आणि आउदलाही. ती डोंगराच्या बाजूची खिडकी उघडत नाही.

तोर्गेर थकला. त्याच्या जागी आता एक मुलगी पुस्तके सुचवते. भिंतीपलीकडून मला ती ऐकू येते. कागदावरून भराभर वाचते, जणू पलीकडे कुणी नाहीच.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणाला पुस्तक सुचवाल तेव्हा जीव ओतून सुचवा. ऐकणारा कुठे बसला आहे, त्याच्या डोक्यावर काय आहे आणि तुमचा आवाज थांबल्यावर त्याच्याकडे काय उरणार आहे, हे तुम्हाला दिसत नसते.